दुसऱ्या गोलकीपरचा सत्कार

आमच्या नगरला फुटबॉल आहे हे बाहेरच्या माणसाला पटवून द्यावं लागतं. पाहुणे म्हणतात, नगरला लष्कर आहे, साखर कारखाने आहेत, दुष्काळ आहे, फुटबॉल कुठून आला? लष्करामुळेच आला. कॅम्पाच्या बाजूला गोऱ्यांच्या काळापासून मैदानं होती. ज्यांच्या आजोबांनी तारेबाहेर उभं राहून खेळ पाहिला, त्या नातवांनी पुढे गल्लोगल्ली संघ काढले. त्यातलाच एक आमचा. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण जे सांगणार आहे त्यात संघाची शोभा नाही आणि माझी तर मुळीच नाही.

मी स्वतः कधी संघात नव्हतो. आमच्यात समर्थकाला ‘पब्लिक’ म्हणतात, तो एकटा असला तरी. तर मी पब्लिक. पोटापाण्यासाठी छापखान्यात कॉम्प्युटरवर मजकूर जुळवतो. लग्नपत्रिका, दशक्रियेची पत्रकं, मानपत्रं, आणि अलीकडे बहुतेक फ्लेक्सच. ग्रामपंचायतीचा सदस्य झाला की फ्लेक्स, सोसायटीचा संचालक झाला की फ्लेक्स, कुणाचा पुतण्या बारावी पास झाला की फ्लेक्स. दिवसभर दुसऱ्यांच्या अभिनंदनात बुडून राहायचं. पंधरा वर्षं हे केलं की माणसाला शब्दांचं काही वाटेनासं होतं. मला वाटेनासं झालं होतं.

आमच्या स्पर्धा होळीच्या आसपास संपतात आणि गणपतीनंतर सुरू होतात. मधले महिने मैदान भाजून निघतं आणि पब्लिकला करायला काही उरत नाही. मग सगळ्यांचा जीव एका कागदात अडकतो. जूनमध्ये संघाची नवी यादी लागते, कोण राहिला, कोण गेला, कोण नवा आला. ती लागते सायकलवाल्या चाचांच्या दुकानात, दाराच्या आतल्या बाजूला. चाचांकडे सायकली आता फारशा येत नाहीत, पण दुकानापुढे बाकडं आहे, लिंबाची सावली आहे, आणि चाचा स्वतः तरुणपणी याच संघाकडून खेळलेले. त्यामुळे आमची संसद तिथेच भरते.

या संसदेत ज्या गोष्टींवर भांडणं होतात त्या बाहेर सांगायचीही लाज वाटते. एका उन्हाळ्यात राखीव लेफ्ट बॅक गेला. गडी वर्षभरात दोनदा मैदानात उतरला होता, त्यातलं एकदा पहिल्या लेफ्ट बॅकने फाटका बूट बदलेपर्यंत. तरी पब्लिक आठ दिवस पेटलं होतं. एक गट म्हणत होता संघाचं वाटोळं झालं, दुसरा म्हणत होता ब्याद गेली. मोबाईलवर परदेशी क्लबांचे सामने बघणारे तर अशा थाटात बोलायचे की जणू राखीव लेफ्ट बॅकच्या बदल्यात आपल्याला लंडनचा एखादा येणार आहे. आला भिंगारचा एक. त्यालाही वर्षभर कुणी नावं ठेवली नाहीत, कारण तोही उतरला नाही.

हे सगळं मी हसत सांगतोय, पण त्या भांडणांत सगळ्यात मोठा आवाज माझा असायचा. जो खेळला नाही त्याला खेळातलं कळतं हे सिद्ध करत राहावं लागतं.

आमचा दुसरा गोलकीपर माझा शाळेपासूनचा दोस्त. दुसरा म्हणजे राखीव. पहिल्याला काही झालं तर उभं राहायचं, आणि पहिल्याला कधीच काही झालं नाही. अकरा वर्षं हा बाकावर बसला. सरावाला सगळ्यांच्या आधी यायचा, जाळी बांधायचा, बॉलमध्ये हवा भरायचा, मग पहिल्या गोलकीपरला गरम व्हायला हवं म्हणून त्याच्यावर शंभर बॉल मारायचा. सामना सुरू झाला की हातमोजे घालून बसायचा आणि संपला की काढायचा. त्याचा स्वतःचा टेम्पो आहे. शिंगणापूरच्या पूजेच्या दुकानांना तो नारळ आणि तेलाचे डबे पोचवतो. रविवारी सकाळची खेप टाकून यायला कधीकधी अर्धा सामना व्हायचा. राखीव माणूस उशिरा आला तरी कुणाला कळत नाही.

दोन वर्षांपूर्वी होळी झाली आणि पहिला गोलकीपर पोलीस भरतीत लागला. पेढे वाटून ट्रेनिंगला गेला. त्याच संध्याकाळी माझा दोस्त छापखान्यात आला, स्टुलावर बसला. मग म्हणाला, आता आपला नंबर. वय चौतीस झालंय, गुडघा अजून धड आहे, एक वर्ष मिळालं तरी बास. एकच वर्ष पुरं गोलमध्ये उभं राहायचं, मग आपणहून बूट काढून ठेवू. बायकोने लग्न झाल्यापासून त्याला खेळताना पाहिलं नव्हतं. पाहण्यासारखं काही नव्हतंच. मी त्याला म्हणालो की तूच आहेस, दुसरा आहे कोण?

मे महिन्यात एका रविवारी सकाळी चाचांच्या दुकानामागे बैठक झाली. सेक्रेटरी, कॅप्टन, कमिटीचे दोघं, आणि पब्लिकमधून चौघं. पब्लिकला एरवी कोणी बोलवत नाही. मला बोलावलं कारण संघाचे वर्षभराचे फ्लेक्स मी फुकटात करून दिले होते. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. सेक्रेटरींचं मेडिकलचं दुकान आहे, बोलतात हळू आणि गोड. म्हणाले, श्रीरामपूरचा एक उंच पोरगा यायला तयार आहे. आपल्याकडे एक जुना माणूस आहेच, पण अकरा वर्षांत त्याला कुणी नीट पाहिलेलं नाही. मग माझ्याकडे वळले.

“तुम्ही त्याला लहानपणापासून ओळखता. गोलमध्ये कसा आहे तो, खरं सांगा.”

खरं मला माहीत होतं. खालचा बॉल तो मांजरासारखा धरायचा, उंच बॉलला पुढे यायला किंचित उशीर करायचा, आणि सामन्यात कसा खेळेल हे देवालाही ठाऊक नव्हतं कारण त्याला कुणी खेळवलंच नव्हतं. एवढंच सांगायचं होतं, एक वर्ष देऊन बघा म्हणून. पण त्या क्षणी सगळ्यांनी माझ्याकडे तोंडं केली. कॅप्टनसुद्धा. उभ्या आयुष्यात मला फुटबॉलमधलं कुणी पहिल्यांदा काही विचारत होतं. साधं उत्तर दिलं तर परत कोणी विचारणार नाही, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं असावं.

मी म्हणालो, “तो गोलमध्ये उभा राहिला की शिंगणापूरचं घर होतं. चौकट आहे, दार न्हाई.”

सगळे असे हसले की सेक्रेटरींच्या हातातला चहा सांडला. कॅप्टनने माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला आवडली, हे लिहिताना हात जड होतो, पण आवडली. चाचा तेवढे हसले नाहीत. चाकाच्या तारा ताणत होते, मान वर न करता म्हणाले की शिंगणापूरला चोरी होत नाही म्हणून दार नाही, येवढं ध्यानात ठेवा. त्यांचं कुणी ऐकलं नाही. श्रीरामपूरचा ठरला.

मग प्रश्न आला याचं काय करायचं. यादीत दोन गोलकीपर बसत होते, आणि दुसरा श्रीरामपूरच्याच पोराने सुचवलेला त्याचा मावसभाऊ होता. म्हणजे याचं नावच यादीतून जाणार होतं. कमिटीतला एक म्हणाला, सत्कार करू. आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

आमच्याकडे माणसाला काढायचं असलं की त्याचा सत्कार करतात. देवस्थानचा म्हातारा विश्वस्त, सोसायटीचा नकोसा झालेला चेअरमन, भजनी मंडळातला बेसूर पेटीवाला, सगळे असेच गेलेले मी पाहिलेत. त्यांची मानपत्रं मीच छापली. खांद्यावर शाल, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात फ्रेम, वर गळ्यात हार. इतकं सामान अंगावर आलेला माणूस भांडू शकत नाही. आणि गंमत अशी की नवी निवड झालेल्याचाही सत्कार अगदी असाच होतो, तीच शाल, तोच नारळ. आलास की चाललास हे फक्त मानपत्रात लिहिलेलं असतं, आणि मानपत्र वाचलं जातं स्टेजवर.

चाचा म्हणाले, “सत्कार नको. त्याला सरळ सांगा. मानूस हाय तो.”

सेक्रेटरी म्हणाले, तेही करूच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोस्त तुमचा, तुम्हीच समजावून सांगा, आणि कार्ड अन् मानपत्रही तुमच्याकडेच. मी होय म्हणालो. थापेचा गरमपणा अजून पाठीवर होता.

कार्डाचा मजकूर मीच केला. ‘आपल्या संघनिष्ठेबद्दल आपला यथोचित सत्कार करण्याचे योजिले आहे, तरी सहकुटुंब उपस्थित राहावे.’ सेक्रेटरींना फार आवडला. काहीच न सांगणारा मजकूर लिहिणं हेच माझं कसब आहे. कार्ड त्याच्या घरी माझ्याआधी पोचलं.

मी गुरुवारी दुपारी गेलो. खरंच सांगायला गेलो होतो, रस्त्यात वाक्यं जुळवत. घर स्टेशनच्या बाजूला, दोन खोल्यांचं. कार्ड टीव्हीपुढे उभं करून ठेवलेलं. मला बघून तो उठला आणि चक्क माझ्या गळ्यात पडला. “लेका, अकरा वर्सांनी कमिटीला जाग आली बघ.” शिंगणापूरची रविवारची खेप त्याने दुसऱ्या टेम्पोवाल्याला कायमची देऊन टाकली होती, आता उशीर चालणार नाही म्हणून. डॉक्टरकडून गुडघा तपासून आणला होता. जुने हातमोजे चांभाराकडून शिवून आणले होते, ते त्याने मला दाखवले आणि शिवण ओढून बघायला लावली.

वहिनींनी पोहे केले. बशी देताना त्यांनी मला विचारलं, “भावजी, मॅच बघाया बाया आल्या तर चालतं का तितं?”

मी म्हणालो, चालतं की.

पोहे खाल्ले, चहा घेतला, आणि निघालो. दारात तो म्हणाला, तू आलास ते बरं झालं. उन्हातून चालताना मी स्वतःला बजावलं की उद्या फोन करून सांगू, तोंडावर सांगणं बरं दिसत नाही. माणूस स्वतःशी किती सभ्यपणे खोटं बोलतो.

दुसऱ्या दिवशी फोन करायच्या आधीच त्याचा मेहुणा छापखान्यात आला. तिसगावला त्याचं मोबाईलचं दुकान आहे. चुणचुणीत, घाईत, पेनड्राईव्ह काढूनच आत शिरला. फ्लेक्स हवा होता, दहा बाय आठ. वर दाजींचा गोलकीपरच्या जर्सीतला फोटो, खाली पट्टीत चौदा नातेवाइकांचे चेहरे. मजकूर त्याने मोबाईलवर लिहूनच आणला होता. ‘मुख्य गोलकीपरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक, समस्त मेहुणे मंडळी, तिसगाव.’

मी विचारलं, निवड झाली हे नक्की का?

तो हसला. “आवं, तुमच्याच छापखान्यातनं कार्ड आलंय की.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “दाजींना सांगू नका मातर. सरप्राईज हाय.”

सत्कार म्हणजे निवड, आणि निवड म्हणजे फ्लेक्स. आमच्या भागात कुणालाही हेच वाटलं असतं. चूक त्याची नव्हती. माझ्या मॉनिटरवर त्याच वेळी मानपत्राची फाईल उघडी होती. ती मी खाली सारली आणि त्याचा फ्लेक्स वर घेतला. चौदा चेहरे कापून एका रांगेत बसवले, एका मावशीचा फोटो अंधारा होता तो उजळला. मेहुण्याला म्हणालो, मजकूर तपासून घ्या, मागाहून चूक निघायला नको. त्याने दोनदा वाचून मान डोलावली. मी प्रिंटला टाकला.

त्या क्षणी मी तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. एक माणूस चिडला असता, एक घर उदास झालं असतं, आणि फ्लेक्सचा रोल वाचला असता. एवढंच. मेहुण्याने सांगू नका म्हटलं होतं, आणि मला नेमकं तेच निमित्त पुरलं.

शनिवारी सकाळी फ्लेक्स चौकात लागला. अर्ध्या तासात त्याचा फोटो पब्लिकच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, ज्यात खेळाडू नसतात. दीडशे माणसं ग्रुपवर, सगळ्यांना बैठकीतलं कळलेलं. आधी हसणारी तोंडं आली, ओळीने. मग कुणीतरी शिंगणापूरचं वाक्य टाकलं, चौकट आहे दार नाही, आणि पुन्हा हसणारी तोंडं. बैठकीतले सोडले तर ते वाक्य कुणाचं हे एव्हाना कुणाला ठाऊक नव्हतं. दुपारी एकाने लिहिलं की अरे त्याला सांगा रे कुणीतरी, आणि खाली हात जोडलेलं चित्र. त्यालाही चाळीस जणांनी अंगठे दाखवले. सांगितलं कुणीच नाही. पब्लिक हे असंच असतं. सामन्यात रेफ्रीची आई-बहीण काढायला सगळे पुढे, आणि एका माणसाला एक फोन करायचा तर प्रत्येकाला वाटतं की दुसरा करेल.

चाचांकडे असला फोन नाही. त्यांनी फ्लेक्स डोळ्यांनी पाहिला आणि तडक छापखान्यात आले.

“तू सांगितलं न्हाई त्याला.”

मी मेहुण्याचं, सरप्राईजचं काहीतरी बोलू लागलो. म्हटलं, चाचा, तुम्हीच सांगा ना, तुमचं ऐकेल तो. ते दारातच उभे होते. म्हणाले की मी सांगितलं तर कमिटीने धाडलं असं त्याला वाटेल, हे दोस्तानं सांगायचं असतंय. चहा मागवतो म्हटलं तर थांबले नाहीत.

रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम. तो नवा पांढरा शर्ट घालून आला, वहिनी लग्नातल्या साडीत, दोघींच्या वेण्यांना गजरा, म्हणजे त्यांच्या आणि मुलीच्या. मागून तिसगावची जीप, मेहुणा आणि आठ-दहा माणसं. त्याच्या हातात खेळाची बॅग होती. कार्यक्रमानंतर थोडा सराव होईल असं त्याला वाटलं होतं. बॅग त्याने खुर्चीखाली सारली.

अध्यक्ष त्यागावर बोलले. सेक्रेटरी निष्ठेवर बोलले. मग मानपत्र वाचायला मला उठवलं, का तर माझा आवाज चांगला. मानपत्र मी नवं लिहिलंच नव्हतं. माझ्याकडे तयार फाईली असतात, नाव बदलायचं आणि छापायचं. ही सेवानिवृत्त ग्रामसेवकाची होती. पहिल्या दोन ओळींत त्याचे गुण होते, त्या मी वाचल्या आणि तो हसत होता. तिसऱ्या ओळीत ‘आपण संघातून निवृत्त होत असताना’ असे शब्द होते. ते मी वाचले. त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त डोळे माझ्याकडे वळले. वहिनी त्याच्याकडे बघत होत्या, मग माझ्याकडे, की भावजी हे काय वाचताहेत. मेहुणा पुढे उभा राहून मोबाईलवर शूटिंग करत होता. त्याचा हात हळूहळू खाली आला. मी शेवटपर्यंत वाचलं. आवाज कुठेही अडखळला नाही, याची मला आजही लाज वाटते.

शाल घातली, हार घातला, नारळ दिला, फ्रेम दिली. फोटो झाला. सेक्रेटरींनी माईक त्याच्या तोंडापुढे धरला, कारण धरायला त्याचे हात मोकळे नव्हते. दोन शब्द बोला म्हणाले.

तो म्हणाला, “मला बोलता येत न्हाई. नवीन गोलकीपर कोन हाय, त्याला जरा उभा करा.”

शेवटच्या रांगेतून श्रीरामपूरचा उंच पोरगा ओशाळून उभा राहिला.

“कॅम्पाच्या बाजूच्या गोलमधी उजव्या खांबाजवळ खड्डा हाय,” माझा दोस्त म्हणाला. “वरनं दिसत न्हाई, गवत हाय. पाऊस झाला की पाय मुरगळतो. तितं डावा पाय टाकू नको.”

एवढं बोलून तो खाली बसला. पब्लिकने टाळ्या वाजवल्या, कडकडून. काहींनी तर उभं राहून. आम्हाला टाळ्या वाजवायला काहीही चालतं. नंतर बाकड्यावर सगळे म्हणाले की कार्यक्रम छान झाला, माणसाने कसं मोठ्या मनाने घेतलं. यादी दुपारी लागली. ग्रुपवर तिच्यावर दोन दिवस भांडण झालं, पण ते नव्या जर्सीच्या बाह्यांच्या रंगावरून. गोलकीपरच्या बदलाबद्दल एका माणसाने लिहिलं होतं, ‘किरकोळ बदल, ठीक आहे.’

फ्लेक्स चौकात तसाच होता. मेहुणे मंडळी तिसगावला निघून गेली, महापालिकेला फुरसत नव्हती, आणि आमच्यातल्या कुणाला उतरवायला जायचा धीर झाला नाही. रोज चौकातून जाताना मी दुसऱ्या बाजूला बघायचो. मंगळवारी त्याने स्वतःच शिडी आणून दोऱ्या कापल्या. पुढे पावसाळाभर तो फ्लेक्स उलटा करून टेम्पोतल्या मालावर टाकायचा. पांढरी बाजू वर, चेहरे नारळांकडे. रविवारची खेप त्याला परत मिळाली नाही. ज्याला दिली होती त्याने का म्हणून सोडावी?

श्रीरामपूरच्या पोराने जेवढे गोल खायचे तेवढे खाल्ले, ना जास्त ना कमी. पब्लिक त्याच्यावरही वैतागलं. माझा दोस्त मैदानावर परत आला नाही. मला रस्त्यात दिसला की हात वर करायचा, मीही करायचो, आणि दोघांनाही कुठेतरी पोचायची घाई असायची.

दिवाळीनंतर एक दिवस तो छापखान्यात आला. पुतणीचं लग्न ठरलं होतं, पत्रिका करायच्या होत्या. त्याच स्टुलावर बसला. मी नमुने दाखवले, त्याने मधल्यातला एक निवडला, नावं लिहून दिली. मी मजकूर जुळवला, कच्ची प्रत काढून त्याच्या हातात दिली. त्याने ती वाचली, मग घडी घातली, उघडली, पुन्हा घडी घातली.

“एक इचारू का?” म्हणाला. “त्या मीटिंगला तू हुतास ना?”

“हुतो.”

“माज्याबद्दल तुला इचारलं का कुनी?”

यात राग नव्हता. तो कच्च्या प्रतीकडे बघत होता, माझ्याकडे नाही. खरं सांगायची आणखी एक संधी समोर स्टुलावर येऊन बसली होती, आणि या वेळी ऐकायला दुसरं कुणीही नव्हतं.

“न्हाई,” मी म्हणालो. “मला कोन इचारतंय? मी पब्लिक.”

त्याचे खांदे सैल झालेले मला दिसले. उन्हाळ्यापासून तो हे उरावर घेऊन फिरत असणार. “घरी मी हेच सांगतोय,” तो म्हणाला. “ही सारखी म्हनती, तुमच्या दोस्ताला समदं ठावं हुतं. मी म्हनलं, येडी हाय का तू. त्याला इचारलं असतं तर त्यानं हे हू दिलं असतं का?”

आणि तो माझ्याकडे बघत थांबला.

“नसतंच हू दिलं,” मी म्हणालो.

त्याने माझ्या हातावर हात ठेवला, आणि लग्नाला मी घरच्यांना घेऊन दोन दिवस आधीच यायचं, हे माझ्याकडून कबूल करून घेऊनच उठला.